नोंदींचे राखणदार

रत्नागिरीचे नाव निघाले की हापूस आंबा, थिबा राजाचा वाडा, लोकमान्यांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर एवढ्या गोष्टी कोणाच्याही ओठी येतात, आणि त्या तशा येणे यथायोग्यच आहे. परंतु निसर्गाचे नियमाने निरीक्षण करावे, जे दिसले ते तारीखवार लिहून ठेवावे आणि तो लेख लिहिणाऱ्याच्या पश्चातही अभ्यासकाच्या हाती पडेल अशी तजवीज करावी, हा उद्योगही या जिल्ह्याच्या भूमीत आणि येथील माणसांच्या हातून दीड-दोन शतके चालत आलेला आहे. त्याचा इतिहास मात्र कोणी सलग सांगितलेला नाही. शास्त्राचा इतिहास लिहिताना आपण वेध घेणाऱ्याचे नाव सांगतो, सिद्धांत मांडणाऱ्याचा गौरव करतो, आणि या दोघांच्या दरम्यान पन्नास-शंभर वर्षे ते आकडे ज्याने वाळवीपासून आणि रद्दीवाल्यापासून वाचविले त्या ग्रंथपालाला विसरतो. रत्नागिरीच्या उदाहरणावरून पाहता हा विसर अन्यायाचा आहे असे माझे मत झाले आहे.

१८२८ साली, म्हणजे पेशवाई बुडून अवघी दहा वर्षे लोटली असताना, रत्नागिरीत सार्वजनिक वाचनालय निघाले. आजचे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय ते हेच, आणि महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांत आद्यत्वाचा मान सामान्यतः त्यालाच दिला जातो. त्या वेळी मराठीत वृत्तपत्र नव्हते, मुंबईत विद्यापीठ नव्हते, आणि आगगाडी यावयास अजून पंचवीस वर्षे होती. अशा काळी पुस्तके एका घरच्या कपाटातून काढून सर्वांच्या उपयोगासाठी एका जागी ठेवावी ही कल्पना या समुद्रकाठच्या गावी रुजली, ही गोष्ट लहान नाही.

पुढे चारच वर्षांनी मराठीतील पहिले वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे याच जिल्ह्याच्या तेव्हाच्या हद्दीतील, देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे. त्यांचे ‘दर्पण’ सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर त्यांचा अर्थ अधिक उमगतो. एक ही की ते काही काळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे काम पाहत होते. आणि दुसरी ही की मुंबईत एतद्देशीयांसाठी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. वेधशाळा आणि ग्रंथालय यांची चिंता एकाच माणसाने वाहावी, हा मला योगायोग वाटत नाही. शिलालेख आणि ताम्रपट वाचून ते छापून ठेवणारा हा पंडित, दगडावरचे अक्षर असो की चुंबकसूचीचा हेलकावा असो, ते टिपून सुरक्षित जागी पोहोचविल्यावाचून आपले काम संपले असे मानीत नसावा. १८४६ साली त्यांना अकाली मृत्यू आला.

कुलाबा वेधशाळेच्या नोंदींचे पुढे काय झाले ते सांगितलेच पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिलेल्या या संस्थेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जाऊ लागले. नोकरदार मंडळी ठराविक वेळी उपकरणापुढे बसत, डोळ्यांनी अंश वाचीत आणि वहीत लिहीत. सूची अस्वस्थ झाली की वाचनाचे अंतर कमी करून अधिक जलद नोंदी घेत. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील प्रचंड उद्रेकाचा परिणाम पृथ्वीवर येऊन थडकला, युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली, आणि त्या दिवशीही कुलाब्याच्या माणसांनी आपली वाचने वहीत उतरविली. ते आकडे वेधशाळेच्या प्रकाशित खंडांत गेले, खंड कपाटांत गेले, आणि एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, २००३ साली, मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह ते पुन्हा वाचून त्या वादळाची तीव्रता ठरविली: चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट. आज कृत्रिम उपग्रह आणि विजेची जाळी यांवर असे वादळ पुन्हा आले तर काय होईल याचा हिशेब जगात जेथे जेथे मांडला जातो तेथे कुलाब्याचा हा आकडा आधारास घ्यावा लागतो. ज्या कारकुनाने तो लिहिला त्याला त्याचे प्रयोजन ठाऊक असणे शक्यच नव्हते. विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली चुंबकीय वेध अलिबागेस हलविले, तेव्हा दोन्ही ठिकाणी दोन वर्षे समांतर नोंदी घेऊन जुन्या मालिकेचा सांधा नव्या मालिकेशी नीट जुळवून ठेवला, आणि तो कसा जुळविला हेही लिहून ठेवले. ही दूरदृष्टी नसती तर अलिबागेचा आकडा आणि कुलाब्याचा आकडा यांची एकमेकांशी रुजवात कधीच घालता आली नसती.

आता रत्नागिरीकडे वळू. येथे मोठी वेधशाळा नव्हती, परंतु इंग्रजी अमलात मामलेदार कचेऱ्यांच्या आवारात पर्जन्यमापक आले. तांब्या-पितळेचे नरसाळे, त्याखाली पाणी साठविणारे भांडे आणि रेषा आखलेली काचेची मापनळी एवढाच त्याचा संच. सकाळी कारकुनाने यावे, भांड्यातील पाणी नळीत ओतावे, डोळा पाण्याच्या पातळीशी आणून रेघ वाचावी, आणि तारखेपुढे इंच आणि सेंट अशा दोन रकान्यांत आकडा भरावा. आषाढात एका वेळी नळी पुरी पडत नसे. दोनदा-तीनदा भरून रिकामी करावी लागे आणि बेरीज करावी लागे. ओल्या बोटांनी पान चिकटे, शाई फुटे, आणि तरीही रकाना रिकामा ठेवण्याची सोय नव्हती, कारण तालुक्याचा तक्ता जिल्ह्याला, जिल्ह्याचा मुंबईस जावयाचा असे. पीकपाणी आणि जमाबंदी यांसाठी चाललेला हा व्यवहार शास्त्राच्या हेतूने सुरू झाला नव्हता. परंतु मोसमी पावसाचा शंभर वर्षांचा कल शोधणाऱ्याला आज आधार आहे तो अशाच तक्त्यांचा.

कचेरीच्या दप्तरात राहिलेला कागद आणि ग्रंथालयात पोहोचलेला कागद यांच्या नशिबात मोठा फरक असतो. दप्तराचा कायदा वेगळा आहे: तेथे ‘अ’ वर्गाचे कागद कायम राहतात आणि खालच्या वर्गाचे कागद मुदत संपताच नष्ट करावयाचे असतात, ‘ड’ वर्गाला तर वर्षभराचेच आयुष्य. वर्ग ठरविणाऱ्या अंमलदारासमोर प्रश्न असतो तो हा कागद सरकारास पुन्हा लागेल काय, एवढाच. तो शास्त्रास लागेल काय, हे विचारणे त्याचे काम नव्हे. म्हणून १८८० साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’, छापून निघाला ही या जिल्ह्याच्या शास्त्रीय स्मृतीतील मोठी घटना मी मानतो. कचेऱ्यांच्या रुमालांत बांधून पडलेली माहिती त्या खंडाने ग्रंथालयांच्या फळीवर आणली. पाऊस, झाडे, मासे, पक्षी, साप, बंदरांचा व्यापार यांची जंत्रीच त्यात आहे. रत्नागिरीस मुलकी अंमलदार असलेले जी. डब्ल्यू. व्हायडल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी त्याच वर्षी ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ही यादी हाती आहे म्हणून आज कोकणात कोणता पक्षी विरळ झाला हे ठरविता येते. ती नसती तर आपल्याजवळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तेवढ्या उरल्या असत्या.

या संदर्भात फुरशांच्या गणनेचे उदाहरण विलक्षण आहे. जांभ्या दगडाच्या सड्यांवर, कातळाच्या फटीत आणि गवताच्या मुळाशी राहणारा हा आखूड, तपकिरी, अंगाच्या खवल्यांवर खवले घासून करवतीसारखा आवाज करणारा विषारी साप रत्नागिरीकरांच्या फार ओळखीचा आहे. सरकारने साप मारून आणणाऱ्यास बक्षीस ठेवले, आणि डिसेंबर १८६२मध्ये अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारून आणली गेली. आकड्याचा शेवटचा एकंही नोंदलेला आहे, कारण प्रत्येक सापामागे खजिन्यातून पैसे जावयाचे होते आणि हिशेबनीसाला अंदाज चालत नाही. त्या आठवड्यात एक लाखावर मुकी जनावरे मेली याचे मनाला वाईट वाटते, आणि दुसरीकडे विंचू-कातळाच्या रानात अनवाणी गवत कापणाऱ्या कुणब्याच्या पायाचीही आठवण होते. पण सर्पशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले तर एका जिल्ह्यात या जातीची घनता केवढी प्रचंड असू शकते याचा असा पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल, आणि म्हणूनच या जातीविषयी लिहिणारे अभ्यासक अद्यापही रत्नागिरीची ही मोजदाद उद्धृत करतात.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहावा असे मनात आले त्याकडे येतो. १८३७ साली मालवणास जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे शालेय शिक्षण रत्नागिरीस झाले, आणि १८६५च्या सुमारास ते त्याच गावी सरकारी शाळेचे मुख्याध्यापक होऊन आले. पुढे मुंबई सरकारने १८६८पासून संस्कृत हस्तलिखितांचा शोध आणि खरेदी यांचे काम सुरू केले, तेव्हा ब्यूलर, कीलहॉर्न यांच्या बरोबरीने भांडारकरांनी ते वर्षानुवर्षे वाहिले. गावोगावच्या भिक्षुकांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत, दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून तांबड्या बासनात बांधलेल्या पोथ्या. त्यांपैकी कित्येकांची पाने कसरीने चाळणीसारखी झालेली, कित्येकांचा शेवट नाहीसा झालेला. त्या मिळवावयाच्या, प्रत्येकीस क्रमांक द्यावयाचा, कर्ता, विषय, पत्रांची संख्या, लेखनकाळ यांचा तपशील लिहावयाचा, आणि अहवाल छापून तो जगभरच्या पंडितांस उपलब्ध करावयाचा, असा तो शिरस्ता होता. हा संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात राहिला आणि १९१८ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला. आपण या पोथ्यांस धर्म आणि काव्य यांचे भांडार समजतो. परंतु त्यांत गणिताचे आणि ज्योतिषाचे ग्रंथ होते, करणग्रंथ होते, सारण्या होत्या. म्हणजे ग्रहांच्या गतीचे मध्यमान, वर्षमान आणि वेधांवरून केलेले बीजसंस्कार होते. आजच्या भाषेत ज्याला संशोधनाची मूळ आकडेवारी म्हणतात ती हजार-दीड हजार वर्षांची आकडेवारी त्या बासनांत होती.

ती वाचणारा माणूसही याच जिल्ह्याने दिला. दापोली तालुक्यातील मुरूड गावी १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. महाविद्यालयाची पदवी त्यांच्या नावापुढे नव्हती; ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा बदलीच्या गावी शाळा आणि ट्रेनिंग कॉलेज सांभाळून त्यांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिण्याचे काम अंगावर घेतले. दक्षिणा प्राइज कमिटीच्या बक्षिसाचे निमित्त झाले, परंतु बक्षिसासाठी कोणी एवढी हाडे झिजवीत नाही. १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र अथवा भारतीय ज्योतिषाचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी केलेले भारतीय पंचांगावरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. तत्पूर्वी गुप्त संवताचा आरंभ ठरविण्यासाठी फ्लीट यांनी जे गुप्त शिलालेखांचे पुस्तक १८८८ साली काढले त्यातील कालगणनेचा भार दीक्षितांनीच उचलला होता.

दीक्षितांचा ग्रंथ उघडला की जाणवते ती त्यांची एक सवय. कोणत्याही ज्योतिषग्रंथाविषयी लिहिताना ते तो कोठे पाहिला हे सांगतात: डेक्कन कॉलेजच्या संग्रहात, पुण्याच्या आनंदाश्रमात, की कोणा गृहस्थाच्या घरी. जो प्रत्यक्ष पाहावयास मिळाला नाही त्याच्यासाठी ‘आफ्रेचसूची’चा, म्हणजे आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताने १८९१ साली छापलेल्या हस्तलिखितांच्या महासूचीचा हवाला देतात. वाचलेले आणि ऐकलेले यांची अशी फोड करणे हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा भाग होताच. पण तसे करता आले ते त्या संग्रहांना क्रमांक होते, सूची होत्या आणि मागितलेली पोथी शोधून काढणारे कोणी होते म्हणून. वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धांतिके’चेच पाहा. मूळ सूर्यसिद्धांत आज प्रचारात असलेल्या सूर्यसिद्धांताहून भिन्न होता हे ज्या ग्रंथावरून कळते तो ग्रंथ लोकांत लुप्तप्राय झाला होता. त्याच्या अशुद्ध आणि त्रुटित अशा प्रती सरकारी संग्रहात येऊन पडल्या, त्यांवरून थिबो आणि सुधाकर द्विवेदी यांनी १८८९ साली तो छापला, आणि जुन्या सिद्धांताची वर्षमाने व भगणसंख्या पुन्हा हिशेबात घेता आल्या. त्या दोन-तीन जीर्ण प्रती एखाद्या वर्षीच्या पावसात कुजल्या असत्या तर भारतीय ज्योतिषाच्या इतिहासातील एक सबंध कालखंड आपल्याला अंदाजाने भरून काढावा लागला असता. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे, त्यावरून दीक्षितांनी गणित करून तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा ठरविला. त्या निष्कर्षावर पंडितांत आजही मतभेद आहेत. परंतु मतभेद गणितावर आणि अर्थावर आहेत. वेधाचे वाक्य जपलेले आहे, म्हणून वाद घालावयास जागा तरी आहे.

एप्रिल १८९८मध्ये दीक्षित निवर्तले. त्याच वर्षीच्या २२ जानेवारीस खग्रास सूर्यग्रहणाची छाया रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून आत शिरली होती. सर नॉर्मन लॉकयर हे आपल्या मंडळींसह विजयदुर्गास आले. ‘मेल्पोमिनी’ या आरमारी जहाजावरील अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीस होते. सूर्यबिंब पूर्ण झाकले गेले ते सुमारे दोन मिनिटे, आणि तेवढ्यात वर्णपटाची छायाचित्रे घ्यावयाची होती. तिकडे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगामवाला आपली दुर्बीण लावून बसले होते. लॉकयरांचा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या प्रकाशनांत छापला गेला, नेगामवालांचा अहवाल १९०२ साली निघाला.

विजयदुर्गावर ज्या चौथऱ्यांना लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात ते या ग्रहणाशी जोडले जातात. आणि लोकांत अशी समजूत दृढ आहे की लॉकयरांनी १८६८ साली येथेच उभे राहून हेलियमचा शोध लावला. १८ ऑगस्ट हा दिवस तेथे त्या निमित्ताने साजरा होतो. छापील कागद मात्र निराळे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यांनी गुंटूर येथून घेतले, आपल्या पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, आणि लॉकयर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हतेच. त्यांनी त्याच वर्षीच्या २० ऑक्टोबरास इंग्लंडातून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. हेलियम पृथ्वीवर सापडला तो १८९५ साली, रॅम्झे यांच्या हाती. विजयदुर्गाचा मान यामुळे कमी होत नाही. १८९८ची कामगिरी खरी आहे आणि ती पुरेशी मोठी आहे. दोन ग्रहणे, तीस वर्षांच्या अंतराने, लोकांच्या आठवणीत एकजीव झाली याचे कारण मला तरी एकच दिसते: त्या मोहिमेचा वृत्तांत लंडनच्या ग्रंथालयात राहिला आणि विजयदुर्गाच्या पंचक्रोशीत तो कोणाच्या वाचनात आला नाही. गावाला स्वतःच्या इतिहासाचा कागद मिळाला नाही, तेव्हा गावाने आठवणीवर काम भागविले. त्या वृत्तांताची एक मराठी प्रत देवगड, विजयदुर्ग आणि रत्नागिरी येथील वाचनालयांत ठेवणे अवघड नाही, आणि ते व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

स्वातंत्र्यानंतर या जिल्ह्यात संशोधनाच्या संस्थाच उभ्या राहिल्या. भाट्ये येथे नारळाचे केंद्र, वेंगुर्ल्यास १९५७ साली आंब्याचे आणि इतर फळांचे, रत्नागिरीस सागरी जीवशास्त्राचे, आणि १९७२ साली दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढली ती १९८१ साली. एका आंब्याच्या जातीमागे केवढा काळ जातो हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातील वह्यांची कल्पना करता येईल: कोणत्या फांदीवर कोणत्या दिवशी परागीकरण केले, किती फळे धरली, किती गळाली, रोप कोणत्या वर्षी मोहरले. प्रबंध आणि शोधनिबंध होतात तेव्हा त्यांत सरासरी येते, आलेख येतो, निष्कर्ष येतो. ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखल होतात आणि आता संगणकावरील सार्वजनिक कोशांतही मिळतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु झाडाझाडाची, दिवसादिवसाची मूळ वही बहुधा त्या माणसाच्या टेबलाच्या खणात राहते, आणि तो सेवानिवृत्त झाला की खण दुसऱ्याला मिळतो. हवामान पालटत असताना हापूसचा मोहर साठ वर्षांपूर्वी कोणत्या पंधरवड्यात येत असे हा प्रश्न आज बागायतदारापुढे निर्वाणीचा होऊन बसला आहे. त्याचे उत्तर सरासरीत नाही, त्या वहीत आहे.

संगणक आला म्हणून चिंता मिटली असे मानणेही घातक आहे. कोकणचा दमट खारा वारा कागदास बुरशी आणतो तसाच यंत्रांनाही गंज आणतो. शिवाय कागद दोनशे वर्षांनी डोळ्यांनी वाचता येतो, पण वीस वर्षांपूर्वीची चकती वाचणारे यंत्रच आज बाजारात मिळेनासे झाले आहे. म्हणून आकड्यांची नवी प्रत वेळोवेळी करावी लागते, ती मुळाशी ताडून पाहावी लागते, आणि तिच्याबरोबर एक जाबता जोडावा लागतो: मापक कोठे होता, केव्हा हलविला, इंच-सेंट जाऊन मिलिमीटर कोणत्या तारखेस आले, वाचन करणारा कोण, रिकामा रकाना म्हणजे पाऊस नाही की माणूस नाही. हे काम शास्त्रज्ञ आपल्या धांदलीत करीत नाही आणि यंत्र स्वतः होऊन करीत नाही. पोथीच्या बासनावर क्रमांक चिकटविणाऱ्या परंपरेतल्या ग्रंथपालाचेच ते काम आहे, आणि त्याला ते शिकण्याची संधी, पगार आणि कपाट मिळाले पाहिजे.

रत्नागिरीच्या वाचनालयाला १९२८ साली शंभर वर्षे झाली, २०२८ साली दोनशे होतील. त्या निमित्ताने समारंभ, स्मरणिका आणि भाषणे होतीलच. त्यांच्या जोडीला जिल्ह्यातील संशोधन केंद्रांच्या जुन्या वह्या, शाळांतील पर्जन्यमापकांचे तक्ते, बागायतदारांच्या घरी पडून असलेल्या मोहराच्या आणि फवारणीच्या रोजनिशा, बंदरांतील मासळीच्या आवकीची पुस्तके यांची एक सूची करावी, मालकाची संमती घेऊन मूळ वही किंवा तिची प्रत वाचनालयात ठेवावी, आणि प्रत्येकीस क्रमांक द्यावा, एवढे जरी झाले तरी बस आहे. आरंभ भाट्ये आणि वेंगुर्ला येथील पहिल्या वीस वर्षांच्या वह्यांपासून करावा. ती पाने ज्यांनी भरली त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना खुणांचा आणि संक्षेपांचा अर्थ अजून विचारता येतो.